भाट्यांच्या घरात पुन्हा वाद रंगायला हवेत

परवा पुण्याचा भाचा आमच्याकडं बेळगावला आला होता. किल्ला झाला, कमल बस्तीचं जैन मंदिर झालं, कुंदाही खाऊन झाला. म्हटलं, चल, रिसालदार गल्लीत सदाशिवराव भाटे वकिलांचं घर दाखवतो. रामकृष्ण मिशननं जपून त्याचं स्मारक केलंय. पोरगं हात जोडून उभं राहिलं आणि पाच मिनिटांत चपला घालून बाहेर!

त्याचा राग नाही आला. आपणच ते घर तसं सांगतो. 'विवेकानंद इथं राहिले होते' म्हटलं की संपलं.

मग समोरच्या टपरीवर चहा घेत त्याला सगळं सांगितलं. ऑक्टोबर १८९२. शिकागोला अजून जवळजवळ वर्ष होतं. कोल्हापूरच्या गोळवलकरांची चिठ्ठी घेऊन एक तरुण संन्यासी सकाळी सहाच्या सुमाराला भाट्यांच्या दारात येतो. जेवण झाल्यावर विडा मागतो, वर तंबाखूही! संन्यासी आणि तंबाखू? घरच्यांची काय अवस्था झाली असेल, बघा. भाट्यांचा मुलगा गणेश तेव्हा वडिलांच्या धाकानं पाणिनीची अष्टाध्यायी घोकत होता. पाहुण्याला ती त्याच्याहून पक्की पाठ. पुढं गणेशनंच या आठवणी लिहून ठेवल्या.

गावातली शिकलेली मंडळी ऐकायला कमी, भिडायला जास्त यायची. एक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर तर इतके चिडले की बोलण्याचं भान राहिलं नाही. भाटे त्यांना आवरायला गेले, तर स्वामीच हसून म्हणाले, असू द्या, मला काही वाटलं नाही. तीन दिवस हे चाललं. नंतरचे नऊ दिवस स्वामी किल्ल्यात, जंगल खात्यातल्या हरिपद मित्र यांच्याकडं. हरिपदबाबूंनीच आग्रह करून एस. महादेव यांच्याकडून त्यांचा फोटो काढून घेतला.

बंगाली संन्यासी, मराठी वकील, मधे पाणिनीची सूत्रं. आणि आम्ही बसलोय पाटी कुठल्या लिपीत म्हणून भांडत. असो, तो विषय काढला की चहा गार होतो.

माझं म्हणणं एवढंच, की अशा घरात नुसती जयंती नको. महिन्यातनं एकदा गल्लीतली पोरं, वकील, मास्तर बसवा आणि कडकडून वाद घालू दे. चिडलेला माणूसही आत मावला पाहिजे. आमचा स्वतःचा वाडा भावकीच्या भांडणात गेला. कौलं उतरवली तेव्हा ओसरीच्या खांबाला आजोबांच्या पाठीच्या तेलाचा काळा डाग तसाच होता. रोज संध्याकाळी तिथं टेकून ते शेजाऱ्यांशी हुज्जत घालायचे. खांब कुणी नेला कोण जाणे.

चहा संपला तसा भाचा उठला. "मामा, परत आत जाऊया की. मघाशी नीट बघितलंच नाही."