‘बीएस-४ डिझेल डोळे झाकून घ्या’ हा सल्ला मला का पटत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज आमच्या रामबागेतल्या तीन घरांतून माझ्याकडे आला. म्हणणं असं: सेकंडहँड डिझेल घ्यायची तर २०२० च्या आधीची बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं जुनं सरकारी मानक; बीएस-६ हे त्यानंतरचं, जास्त कडक) डोळे झाकून घ्या. बीएस-६ मधला डीपीएफ इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये चोक होतोच आणि लाखाचा खड्डा पाडतो. जुन्या इंजिनात बिघडण्यासारखं काही नसतं. बीएस-६ घेतलीच तर डीपीएफ रिकामा करून घ्या. आणि मध्य प्रदेशात डिझेल गाडी रस्त्यावरून काढण्याचा १० वर्षांचा नियम नाही, तेव्हा वयाची काळजी नको. हे वाचून माझा भाचा २०१३ ची गाडी ठरवायला निघाला होता.

‘डीपीएफ चोक होतोच.’ होतो, पण प्रत्येकाचा नाही. डीपीएफ ही धुराच्या वाटेवर बसवलेली काजळीची गाळणी. ती भरत आली की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडून तिला साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी १०-२० मिनिटं एका लयीत चालावी लागते. रामबागेतून राजवाडा, तिथून सराफा आणि परत घरी, एवढंच रोजचं चालणं असेल तर हे जळणं दर वेळी अर्ध्यात तुटतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून बीएस-६ गाडी बघायला गेलात की आधी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं असेल, दोन बोटांत घेतल्यावर पाण्यासारखं पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी गल्लीबोळांतच फिरलेली आहे. सोडून द्या.

पण भाच्याची नोकरी पीथमपूरला आहे. राऊच्या पुढे मोकळा रस्ता, जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर. त्याच्या गाडीत ही काजळी रोजच्या रोज जळेल आणि त्याला कळणारही नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागलाच तर त्याकडे दुर्लक्ष न करता बायपासवर एक चक्कर मारायची, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच घालायचं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. गाळणी कायमची भरते ती राखेने. स्वस्तातलं ऑइल इथे फार महाग पडतं. आणि ज्याचं चालणं राजवाड्यापुरतंच आहे त्याने बीएस-४ काय, बीएस-६ काय, डिझेलच घेऊ नये. पेट्रोल घ्यावी.

‘जुन्यात बिघडण्यासारखं काही नसतं.’ कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल पुरवणारी नळी), इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) हे सगळं बीएस-४ मध्येही आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट दणकट डिझेल इंजिन होतं, यात वाद नाही. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं, त्यामुळे हात बसलेला मेकॅनिकही मिळतो. पण सगळ्या बीएस-४ ना तो नियम लागत नाही. मारुतीचं स्वतःचं १.५ डिझेल २०१९ मध्ये आलं आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीने डिझेलच बंद केलं. वर्षभर विकलेल्या इंजिनाचे खास भाग लगेच मिळतात का, हे बयाणा देण्याआधी विचारायला हवं. शिवाय डिझेल घेतात तेच ज्यांचं चालणं जास्त. बारा वर्षांच्या डिझेलच्या मीटरवर ६० हजार दिसले तर मला आनंद होत नाही, मी सर्व्हिसची बिलं मागतो.

‘डीपीएफ रिकामा करून घ्या.’ या ओळीचा मला मनापासून राग येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार करता येत नाही, ही एक गोष्ट. डिझेल कारला किलोमीटरमागे कणांची मर्यादा बीएस-४ मध्ये २५ मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ वर आली, आणि ती पाळली जाते या गाळणीमुळेच. ती काढली की जी काजळी आत अडत होती ती सिग्नलवर मागे उभ्या असलेल्या शाळेच्या रिक्षातल्या पोरांच्या छातीत जाते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबराचा अभिमान मिरवणाऱ्या शहरात हे ‘जुगाड’ म्हणून फिरावं? गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. गाळणी शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं कुळकुळीत निघालं तर आधीच्या मालकाने हा उद्योग करून ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे.

‘१० वर्षांचा नियम नाही.’ खरं आहे, तो दिल्ली-एनसीआरचा. पण १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण इथेही आहे, आणि एप्रिल २०२२ पासून कारसाठी ती फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे. २०१३ ची गाडी २०२८ मध्येच त्या दारात उभी राहणार.

आणि ‘२०२० चं मॉडेल’ एवढ्यावरही जाऊ नका. बीएस-४ गाड्या ३१ मार्च २०२० पर्यंत विकल्या गेल्या. आरसीवर मानक वाचा. ऑक्टोबर २०२० नंतरची गाडी असेल तर पुढच्या काचेवरचं नारिंगी स्टिकरही बघा, बीएस-६ ला त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असते.

भाचा रविवारी एक २०२१ ची बघायला जातोय. मालकाला सांगून ठेवलंय की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, थंडच हवं. डिपस्टिक पुसायला जुनं धोतर फाडून ठेवलंय.