नारुकोच्या कोकेशीचं डोकं चिकटवलेलं नसतं
लेख छान, पण जपानमधल्या नारुकोच्या कोकेशी या लाकडी बाहुलीचं डोकं डिंकाने बसवतात हे वाक्य दुरुस्त करा. डिंक लावला तर ते फिरणारच नाही, आणि मान फिरवली की येणारी ‘कुई कुई’ हीच तर मियागी प्रांतातल्या या बाहुलीची ओळख!

डोकं आणि धड वेगवेगळे कातून घेतात. डोक्याखाली त्याच लाकडाचा छोटा गट्टू राखतात आणि धडातलं भोक त्याहून किंचित लहान. मग धड लेथवर फिरत असताना डोकं त्यात जोराने दाबतात. घर्षणाने लाकूड तापतं, गट्टू आत सरकतो, गार झाल्यावर भोक आवळतं. पुढे लाकडावर लाकूड घासून आवाज येतो. भोक जरा मोठं झालं तर डोकं खुळखुळतं, फार लहान राहिलं तर धड तडकतं.

लाकूड बहुतेक मिझुकी या झाडाचं असतं. पांढरं आणि बारीक पोताचं, पण नावातच पाणी (‘मिझु’ म्हणजे पाणी). त्यामुळे साल काढून महिनोन् महिने उघड्यावर वाळवावं लागतं. इथे घाई केली की नंतर चिरा जातात, शाईही फुटते आणि भुवयांच्या बारीक रेषा पसरतात. त्या पुसून काढता येत नाहीत, परत कातावं लागतं.

खांद्यावरचे पट्टे मात्र लेथ फिरता ठेवून, नुसता कुंचला टेकवून होतात. (सावंतवाडीत फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात, तसंच काहीसं.) शेवटी मेण. आणि बाहुली उन्हात ठेवू नका, रंग उडतो.