शून्य राहिलं की राहिलंच

जुना सी कोड सांभाळायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, फंक्शनांचे स्वभाव माणसांच्या स्वभावांसारखे पाठ करावे लागतात. माझ्या गळ्यात ते पडलंय.

मुळात सी भाषेत स्ट्रिंग नावाचा वेगळा प्रकारच नाही. बाइटांची एक रांग, आणि ती संपली हे कळावं म्हणून शेवटी एक शून्य. लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. हवी असेल तर स्ट्रलेनला पाठवायचं. ते शून्य भेटेपर्यंत चालतं आणि पावलं मोजून सांगतं. शून्य नसलं तर चालतच राहतं. तुमची हद्द संपते, शेजारच्या व्हेरिएबलची सुरू होते, पण गड्याला त्याचं काय! डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, त्या १९७०च्या दशकात मेमरी किलोबाइटांत मोजत. तेव्हाची काटकसर मी समजू शकतो. तिचे हप्ते मी का फेडतोय, एवढंच समजत नाही.

स्ट्रकॉपी तर निव्वळ आज्ञाधारक. कुठून कुठे ओतायचं एवढं सांगा. समोरच्या भांड्यात मावेल का, हा आगाऊ प्रश्न ते कधीच विचारत नाही. म्हणून शहाणी माणसं सांगतात, स्ट्रएनकॉपी वापर, त्यात आकडा देता येतो. या सल्ल्याने जितकी रात्रपाळी करवली असेल तितकी मूळ रोगानेही नसेल. आठ बाइटांच्या जागेत आठ रोमन अक्षरांचं नाव भरायला सांगा. स्ट्रएनकॉपी आठ अक्षरं मोजून भरतं आणि हात झटकतं. शेवटचं शून्य? जागाच उरली नाही, मग कसलं शून्य! आमच्या कोडमध्ये नावाच्या लगेच पुढे गावाचा रकाना होता. त्यामुळे सात अक्षरी माणसं अहवालात व्यवस्थित छापली जात आणि आठ अक्षरी माणसांना गावाचं नाव आडनावासारखं चिकटे. उलट, हजार बाइटांच्या जागेत तीन अक्षरं टाकायला सांगा, उरलेल्या ९९७ ठिकाणी हे फंक्शन इमानेइतबारे शून्यं भरत बसतं. खरं तर त्याचा जन्म जुन्या युनिक्समधल्या १४ बाइटांच्या फाइलनावांच्या रकान्यांसाठी झाला. तिथे हे वागणं अगदी रास्त होतं. सुरक्षारक्षकाची वर्दी त्याला नंतर लोकांनी चढवली.

स्ट्रकंप दोन स्ट्रिंगा सारख्या आहेत का ते सांगतं. सारख्या असतील तर शून्य, आणि सी भाषेत शून्य म्हणजे खोटं. त्यामुळे ‘इफ स्ट्रकंप’ असं भोळेपणाने लिहून पासवर्ड तपासला, तर बरोबर पासवर्ड देणारा सोडून बाकी सगळ्या जगाला आत प्रवेश.

स्ट्रटोक हे वाचायला नेलेल्या पुस्तकाची पानं फाडून परत आणणारं गिऱ्हाईक. स्वल्पविरामावर वाक्य तोडायला द्या, प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी शून्य ठोकून मूळ स्ट्रिंगचीच खांडोळी करतं. वर, आपण कुठवर आलो हे स्वतःशीच लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याला स्ट्रिंगऐवजी नल, म्हणजे रिकामा पत्ता, द्यावा लागतो. मध्येच दुसऱ्या लूपने त्याला दुसऱ्या कामाला जुंपलं, की पहिलं काम साफ विसरलं.

या सगळ्यांचा थोरला भाऊ गेट्स. येईल तेवढं वाचायचं, मर्यादा नावालाही नाही. १९८८ साली मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, तेव्हा शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक याच फंक्शनमधून जात होती. तरीही प्रमाण सी भाषेतून याला नारळ मिळायला २०११ उजाडलं. त्याच्या जागी एफगेट्स वापरायचं. ते मर्यादा पाळतं, पण एंटर दाबल्याची खूणही स्ट्रिंगला चिकटवून देतं. मग स्ट्रकंपला ‘हो’ आणि ‘हो’ वेगळे वाटतात.

शेवटी स्ट्रएलकॉपी. हे मर्यादा पाळतं आणि शून्यही न चुकता लावतं. ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी १९९८ मध्ये आणलं. लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या फंक्शनांच्या संग्रहाने ‘विचार करू’ म्हणत २०२३ मध्ये घरात घेतलं. तोवर प्रत्येकाने आपापलं घरगुती स्ट्रएलकॉपी लिहून टाकलं होतं. आमच्या कोडमध्ये तर दोन आहेत आणि दोघांचं आपसात पटत नाही.

मी ती दोन्ही काढून खरं स्ट्रएलकॉपी बसवलं आणि चाचणीसाठी दहा बाइटांच्या जागेत ‘मराठी’ हा शब्द दिला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. म्हणजे एकूण १५. फंक्शनने नऊ बाइट घेतल्या, दहाव्या जागी शून्य लावलं, १५ बाइट लागतील असंही परत कळवलं. तो आकडा बघायची तसदी कोडमधलं कुणीच घेत नव्हतं. कंपायलरची एकही सूचना नाही, क्रॅश नाही, मेमरी शाबूत. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत उमटलं : ‘मरा’.