समांतर मोजणीचा बागुलबुवा

‘परदेशी निवडणूक निरीक्षकांपासून सावधान’ या मथळ्याचा लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, ‘हे खरंय का रे?’ थोडं खरं आहे, बरंचसं खोटं आहे, आणि एक मुद्दा निव्वळ बाष्कळ आहे.

मेसेज ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सारांश. हे निरीक्षक न बोलावता देशात घुसतात. मतमोजणी चालू असतानाच स्वतःची गुप्त मोजणी करून खोटा निकाल तयार ठेवतात. फक्त गरीब देशांत जातात. दोन दिवस हॉटेलात राहून सर्टिफिकेट वाटतात. आणि सुशासनाच्या नावाने येणारा पैसा सगळा विरोधकांच्या खिशात जातो. शेवटी ठळक अक्षरांत, ‘लोकशाही कधी उसनी आणता येते का?’

‘न बोलावता घुसतात’ याचा निकाल लगेच लागतो. २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यू यॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत, आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाची तत्त्वं जाहीर झाली. आफ्रिकन युनियन, युरोपीय आयोग, अमेरिका खंडातल्या देशांची संघटना, कार्टर सेंटर अशा संस्थांनी ती मान्य केली आहेत. त्यातलं बारावं कलम वाचा: यजमान देशाने निमंत्रण दिल्याशिवाय, किंवा निरीक्षक चालतील असं पुरेसं आधी कळवल्याशिवाय, पथक पाठवू नये. सहावं कलम सांगतं, ज्या सरकारची निवडणूक बघायची त्याचा पैसा घ्यायचा नाही. सोबतच्या आचारसंहितेत आहे की निरीक्षकाने कर्मचाऱ्यांना हुकूम सोडायचे नाहीत आणि त्यांचे निर्णय फिरवायचे नाहीत. म्हणजे मतपेटीचं सील तुटलेलं दिसलं तरी तो पेटीला हात लावत नाही. सीलचा क्रमांक, वेळ आणि त्या वेळी तिथे कोण हजर होतं एवढं आपल्या फॉर्मवर लिहितो. कायद्याची आडकाठी नसेल तर केंद्राध्यक्षांच्या कानावर घालू शकतो. बस्स. घुसणाऱ्या माणसाला हे असलं बांधून घेतलेलं काम परवडत नाही.

आता तो बाष्कळ मुद्दा. ‘गुप्त मोजणी’ म्हणून ज्याची भीती घातली आहे, त्याचं खरं नाव समांतर मोजणी. ती बहुतेक ठिकाणी परदेशी निरीक्षक करतच नाहीत. त्याच देशातल्या नागरिकांच्या संघटना करतात. बाहेरून येतो तो निधी, एखाददुसरा संख्याशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षण. निधी परदेशी असतो हे मान्य, आणि ते संघटनेनं स्वतःहून जाहीर करायला हवं हेही मान्य. पण मोजतात काय, ते आधी समजून घ्या.

यात एकही मतपत्रिका मोजली जात नाही. मतदान केंद्रावर सरकारी कर्मचाऱ्यांनी मोजणी केली, उमेदवारांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या, निकालपत्रक भिंतीला चिकटवलं, की त्या पत्रकावरचे आकडे कळवायचे. सगळ्या केंद्रांवरून नाही, काही निवडक केंद्रांवरून. काही आठवडे आधी अधिकृत केंद्रांची यादी घेतात, जिल्हावार गट पाडतात, म्हणजे प्रत्येक भागाचा वाटा मतदारसंख्येच्या प्रमाणात राहतो, आणि प्रत्येक गटातून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, केंद्रं उचलतात. देशभर मिळून हजार ते दीड हजार केंद्रं नीट निवडली, तर उमेदवाराच्या मतांची टक्केवारी साधारण एक-दोन टक्क्यांच्या फरकाने सांगता येते. भाताचं शीत दाबून बघतात ना, तसंच. फक्त शीत पातेल्यात सगळीकडून उचलायचं, वरवरून नाही.

गुप्त असते ती या केंद्रांची यादी, आणि ती गुप्तच हवी. कुठल्या केंद्रांवर लक्ष आहे हे आधी कळलं, तर घोटाळा करणारा तेवढी केंद्रं स्वच्छ ठेवून बाकीच्या ठिकाणी हात मारेल. मेसेज लिहिणाऱ्याने ‘गुप्त’ हा शब्द कुठून तरी उचलला आणि मोजणीला चिकटवला.

मतदानाच्या साधारण आठवडाभर आधी रंगीत तालीम होते. सगळ्या निरीक्षकांनी खोटे आकडे ठरल्या वेळी पाठवायचे. कुणाच्या गावात नेटवर्क नाही, कोण फॉर्मचे रकाने उलटे भरतो, हे तेव्हाच उघडं पडतं. प्रत्यक्ष दिवशी निरीक्षक केंद्र उघडण्यापूर्वी पोचतो, पेटी रिकामी असल्याचं बघतो, आणि पत्रक भिंतीला लागेपर्यंत हलत नाही. आकडे आले की मुख्यालयात बेरीज तपासतात: सर्व उमेदवारांची मतं अधिक बाद मतं, बरोबर पेटीतल्या मतपत्रिका. जुळलं नाही तर त्या माणसाला लगेच फोन.

यात चुका होतात, आणि कुठे होतात तेही ठाऊक आहे. सगळ्यात मोठी चूक घाईची. शहरातले आकडे आधी येतात, दुर्गम भागातले मध्यरात्रीनंतर किंवा दुसऱ्या दिवशी. निम्म्या केंद्रांचे आकडे हातात असताना तोंड उघडलं, तर शहरी पक्ष विनाकारण पुढे दिसतो. दुसरी अडचण अटीतटीच्या लढतीची. घानात २००८च्या अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत विजेत्याला ५०.२३ टक्के आणि हरलेल्याला ४९.७७ टक्के मतं पडली. एवढ्या फरकात निवडक केंद्रांचा नमुना विजेता सांगू शकत नाही. जाहीर झालेला आकडा शक्यतेच्या पट्ट्यात, म्हणजे नमुन्याच्या आकड्याच्या थोडं वर-खाली, बसतो की नाही, इतकंच सांगू शकतो. प्रामाणिक संघटना तेवढंच सांगते. तिसरी गोष्ट म्हणजे मतदार यादीच बोगस असेल, तर समांतर मोजणी त्या बोगस मतांची अचूक बेरीज करून देईल. यादीची तपासणी हे वेगळं काम आहे, ते महिनोन् महिने आधी करावं लागतं.

मग ‘खोटा निकाल तयार ठेवतात’ याचं काय? झिंबाब्वे, २९ मार्च २००८. त्या वर्षी पहिल्यांदा नियम झाला होता की प्रत्येक केंद्राचं निकालपत्रक, तिथे त्याला ‘व्ही-११’ म्हणतात, केंद्राबाहेर लावायचं. लोकांनी त्याचे फोटो काढले. अधिकृत निकाल मात्र २ मेपर्यंत आला नाही, पाच आठवडे आकडे दाबून ठेवले गेले. विरोधी पक्षाने आपले नेते मॉर्गन त्स्वांगिराई यांना ५०.३ टक्के मतं मिळाल्याचं, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं घेऊन पहिल्याच फेरीत सरळ जिंकल्याचं सांगितलं. स्थानिक नागरिक संघटनांच्या जाळ्याने केलेल्या नमुना मोजणीचा आकडा होता ४९.४ टक्के. ही मोजणी विरोधकांसाठी शिजवलेली असती, तर त्यात आणखी एक टक्का टाकायला किती वेळ लागला असता? टाकला नाही. शेवटी अधिकृत आकडा आला ४७.९, तोही नमुन्याने सांगितलेल्या पट्ट्यातच बसणारा. त्यानंतर दुसऱ्या फेरीआधी इतकी मारहाण झाली की त्स्वांगिराईंनी माघार घेतली. ते थांबवणं कुठल्याही नमुन्याच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि तसा दावा कुणी केलेलाही नाही.

फिलिपिन्समध्ये १९८६ साली तर सरकारी संगणकावर आकडे भरणारे कर्मचारीच काम सोडून बाहेर पडले होते. आपण भरतोय ते आणि फलकावर दिसतंय ते जुळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिथे देशभर वेगळी मोजणी करत होती तीही फिलिपिनो नागरिकांचीच संघटना.

‘फक्त गरीब देशांत जातात.’ साफ खोटं. युरोप, उत्तर अमेरिका आणि मध्य आशियातल्या देशांची सुरक्षा-सहकार्य संघटना आहे. त्या देशांनी १९९०च्या कोपनहेगन दस्तऐवजात एकमेकांच्या निवडणुकांना निरीक्षक बोलवायचं कबूल केलं. तिचं पोलंडमधल्या वॉर्सातलं कार्यालय २००२पासून अमेरिकेच्या निवडणुका बघतंय. २०१२ साली टेक्सासच्या महाधिवक्त्याने याच निरीक्षकांना पत्र लिहून बजावलं होतं की मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत आलात तर फौजदारी कारवाई होऊ शकते. मेसेजमधला राग अमेरिकेतही जसाच्या तसा आहे, हे लक्षात घ्या. आणि जर्मनी? २००९च्या निवडणुकीत ज्या पक्षांना उमेदवार उभे करण्याची मान्यता नाकारली गेली, त्यांना मतदानापूर्वी कोर्टात दाद मागायची सोयच नव्हती. निरीक्षकांच्या अहवालाने त्यावर बोट ठेवलं. २०१२ साली जर्मनीने मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, दुरुस्ती करून थेट घटनात्मक न्यायालयाची वाट मोकळी केली.

हॉटेलचा मुद्दा मात्र पूर्ण झटकता येत नाही, आणि मला तो कितीही खुपला तरी लिहायलाच हवा. युरोपीय संघाच्या मोठ्या पथकाचा गाभा मतदानाच्या साधारण सहा ते आठ आठवडे आधी देशात असतो. कायदा, माध्यमं, मतदार यादी यांचे जाणकार त्यात असतात. दीर्घकालीन निरीक्षक जोडीजोडीने जिल्ह्यांत राहतात. पण मतदानाच्या दोन दिवस आधी उतरून, दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन विमानात बसणारी मंडळीही आहेत. अझरबैजानमध्ये २०१३ साली मतदानाच्या आदल्या दिवशीच निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर ‘निकाल’ झळकला होता. त्याच निवडणुकीत वॉर्साच्या कार्यालयाच्या निरीक्षकांनी पाहिलेल्या केंद्रांपैकी ५८ टक्के केंद्रांवरची मोजणी वाईट ठरवली. युरोपातले संसद सदस्य मात्र छोट्या दौऱ्यावर येऊन तीच निवडणूक मुक्त आणि पारदर्शक असल्याचं सांगून गेले. अशा पाहुण्यांना मेसेजवाल्याने शिव्या घातल्या तर माझी हरकत नाही.

केनियाचं उदाहरण जास्त बोचरं आहे, कारण तिथे चुकले ते नावाजलेले. ८ ऑगस्ट २०१७च्या मतदानानंतर मोठमोठ्या पथकांनी सूर लावला की एकंदर ठीक झालं, तक्रार असेल तर कोर्टात जा. विरोधक खरंच कोर्टात गेले. १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूकच रद्द केली. गफलत मतदानात नव्हती, आकडे वर पाठवण्यात होती. केंद्रावरचा ३४-ए आणि मतदारसंघाचा ३४-बी हे निकालाचे फॉर्म नीट पोचण्याआधीच निकाल लागला होता, आणि न्यायालयाने मागितलेली सर्व्हरची माहिती आयोगाने पूर्ण दिली नव्हती. निरीक्षकांचं लक्ष रांगांवर आणि पेट्यांवर होतं, गळती होती वायरीत. त्यातून शिकणं झालं ते असं: २०२२च्या निवडणुकीत आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे ३४-ए सार्वजनिक संकेतस्थळावर टाकले. कुणीही उघडा, कुणीही बेरीज करा.

‘लोकशाही उसनी आणता येते का?’ नाही येत. पण निवडणूक घेण्याची हातोटी देता-घेता येते. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ साली सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीच्या आयोगाचे अध्यक्ष होते. त्या आयोगात सुदानींबरोबर इजिप्त, ब्रिटन आणि अमेरिकेचेही सदस्य होते. ती घुसखोरी होती का, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी सांगावं. नुसतं यंत्र पाठवून भागत नाही, हेही खरं. नामिबियाने २०१४ साली भारतीय बनावटीची मतदान यंत्रं वापरली, पण मताचा कागदी पुरावा देणारी सोय त्यांत नव्हती. कायद्यातली कागदी पुराव्याची अट वगळून बाकीचा भाग लागू करणं घटनाबाह्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये ठरवलं. त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुका पुन्हा कागदी मतपत्रिकेवर झाल्या.

राहिला पैसा. छुप्या पैशाचा इतिहास काळा आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. चिलीच्या निवडणुकांत अमेरिकी गुप्तचरांनी छुपा पैसा कसा ओतला, ते १९७५ साली खुद्द अमेरिकी सिनेटच्या समितीनेच नोंदवलं. म्हणून तर पहिला प्रश्न असतो, कुणी दिले, कुणाला दिले, कागद कुठे आहे? ज्याचं उत्तर उघड मिळत नाही, त्यावर संशय घ्याच. पण सुशासनाचं बहुतांश सहकार्य कंटाळवाणं असतं, हिशेब तपासनीसांचं प्रशिक्षण, खरेदीच्या निविदा उघड करणं, असलं. आणि पैसा कधी उलट्या दिशेनेही वाहतो. भ्रष्टाचाराविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००५ साली लागू झाला. लुटलेली संपत्ती परत करण्यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. नायजेरियाचे लष्करशहा सानी अबाचा यांच्या काळात बाहेर गेलेल्या पैशांपैकी सुमारे ३२ कोटी डॉलर परत करण्याचा करार स्वित्झर्लंडने डिसेंबर २०१७मध्ये केला. रक्कम गरीब कुटुंबांना थेट रोख द्यायची आणि वाटपावर जागतिक बँकेची देखरेख, अशी अट त्यात आधीच लिहून घेतली होती.