महोगनीचं घडीचं टेबल आणि तो फॉरवर्ड

परत तोच फोटो फिरतोय. जुनं इंग्लिश घडीचं डायनिंग टेबल, आणि खाली मजकूर की इंग्रजांनी आपल्या जंगलातली महोगनी नेऊन हे बनवलं, घरं लहान म्हणून घडीचं, १७५० चं, त्या काळचा नामवंत इंग्लिश फर्निचर-कारागीर खुद्द चिपेंडेल याच्या हातचं, एकही स्क्रू नाही म्हणून अस्सल.

इंग्रजांनी आपलं सागवान ओरबाडलं, मुंबईच्या गोदीत त्याची जहाजं बांधली, ते खरंच आहे. पण महोगनी मुळात आपली नाहीच ओ, ती जमैका, क्यूबा, होंडुरासकडची. १७२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींच्या लाकडावरची ड्युटी काढली आणि मग जमैकातून महोगनीचे ओंडके इंग्लंडात यायला लागले, आणि ते तोडायला कोण, तर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. म्हणजे लूट झालीच, पण ज्यांची झाली त्यांना बाजूला सारून आपण तिथे जाऊन बसायचं, हे मला तरी पटत नाही. आपल्याकडे हे झाड आलं १७९५ च्या सुमारास, कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये, तेही वेस्ट इंडीजमधून. मग १७५० चं टेबल त्याचं कसं?

लहान घरांचं तर उलटंच आहे. मोठमोठ्या घरांतही तेव्हा जेवण झालं की नोकर टेबल मिटून भिंतीला लावायचे, खोली मोकळी. आणि घडीची टेबलं सतराव्या शतकातही होती, ओकची.

चिपेंडेलचं म्हणाल तर तो सहसा फर्निचरवर नावच टाकायचा नाही, जुन्या बिलांवरून ओळख पटवतात. त्यात त्याने १७५४ मध्ये डिझाईन्सचं पुस्तकच छापलं, ते बघून कुठलाही सुतार तसं काम करणार.

राहिला स्क्रू. अहो, बाजूच्या फळ्या बिजागरीवर लटकतात, बिजागरी काय डिंकाने चिकटवणार? स्क्रू असणारच, फक्त तो बघायचा कसा ते कळलं पाहिजे. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूची खाच बरेचदा मधोमध नसते, टोक बोथट असतं. टोकदार मशीनचे स्क्रू साधारण १८५० च्या आसपास आले, अर्थात एखादा दुरुस्तीत बदललेला असू शकतो. शिवाय फळी उचलून खालून बघा, फळीला आधार द्यायला बाहेर फिरवतात तो पाय वर्षानुवर्षं घासून लाकडावर कमानीसारखा ओरखडा पडलेला असतो. करवतीच्या गोल खुणा दिसल्या तर १७५० विसरा, त्या गोल पात्याच्या, बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या. फॉरवर्डमधला फोटो मात्र वरूनच काढलाय.