घरून लाईफ जॅकेट आणणारी आजी

सकाळपासून चार जणांनी मला तेच रील पाठवलंय. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग. "दादा, या तुमच्या आई ना?" होय, माझीच आई. अजून काही?

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटीवर काळा झेंडा, त्यावर कवटी आणि हाडं. डीजे सुरू. एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला माईकवाला. आणि कडेच्या बाकावर सहावारी नेसलेली, विटक्या केशरी जॅकेटचे पट्टे छातीवर आवळलेली माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई. माईकवाला म्हणतो, "आजी, पायरेट लोक घाबरत नसतात!" सगळी बोट हसते. आई हसत नाही. वर लिहिलंय, 'घरून लाईफ जॅकेट आणणारी आजी'.

रील काढलं आमच्याच भाच्यानं. त्या बोटवाल्यांनी ते उचललं आणि आपल्या पानावर टाकलं. आता अख्खा महाराष्ट्र माझ्या आईला हसतोय.

तर आता ऐका. मोठं लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढच्या रीलवर जावं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. दोन गाड्या, अकरा माणसं, पहाटे पाचला सांगली सोडली. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली. डिकीत पाच किलो भडंग, कारण सांगलीकर समुद्रावर गेला तरी भडंगच खाणार. आईच्या पायाशी एक मोठी कापडी पिशवी होती. ती तिनं डिकीत ठेवू दिली नाही. बायकोनं विचारलं, आई, काय आहे त्यात? "असू दे," एवढंच म्हणाली. मला माहीत होतं काय आहे ते. मी गप्प बसलो.

भाच्यानं ऑनलाईन बुकिंग केलेलं. 'पायरेट क्रूझ', माणशी बाराशे. त्यात बोटीची सफर, स्नॉर्केलिंग, सरबत, नाच आणि ड्रेस घालून फोटो. मुलं खूश. माझंही काही म्हणणं नव्हतं. बोट सुटली, वळसा घेऊन किल्ल्याच्या मागच्या अंगाला आली, आणि माईकवाला ओरडला, "चला, आता जॅकेट काढा आणि पायरेटचे ड्रेस घाला! जॅकेटवर फोटो चांगले येत नाहीत!"

आणि सगळ्यांनी काढली. इंजिनिअर माणसं, शिक्षक माणसं, माझ्या बहिणीसकट सगळ्यांनी. हलत्या बोटीत, खालून लाट लागत असताना, लेकराच्या अंगातलं जॅकेट काढून त्याच्या डोक्याला कवटीचा रुमाल बांधत होते. माझ्या मुलीचं मी काढू दिलं नाही तर ती रुसली. आईचं काढायला माईकवाला स्वतः आला. आईनं त्याचा हात बाजूला केला. रील तिथून सुरू होतं.

मधेच एक सांगून घेतो, नाहीतर ते पोटातच राहील. ही बोट कुठं उभी होती? सिंधुदुर्गाच्या तटाला लागून. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचं काम सुरू केलं, त्या किल्ल्यासमोर तुम्ही चाच्यांचा झेंडा लावता? कान्होजी आंग्र्यांना इंग्रज पायरेट म्हणत. का, तर ते समुद्रात त्यांना अडवत आणि त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेली जहाजं धरत. आमच्या लेखी ते सरखेल. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या आरमाराचे प्रमुख. आणि तीनशे वर्षांनी आमचीच पोरं पैसे मोजून पायरेट होतात. थीमच करायची तर आरमाराची करा ना! डोक्याला मुंडासं बांधा, भगवा लावा, गुराबा आणि गलबतांच्या, आपल्या लढाऊ जहाजांच्या गोष्टी सांगा. मी दोन हजार देईन. असो. हा विषय वेगळा आहे. मुद्दा जॅकेटचा आहे.

तर ते जॅकेट.

2019 चा ऑगस्ट. कृष्णेचा महापूर. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पावसाळ्यात माणूस भेटला की तब्येत विचारत नाहीत, "किती फूट झालं?" विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. आमचं घर गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, आम्ही वरच्या मजल्यावर. 2005 ला पाणी जिथं थांबलं होतं तिथं बाबांनी भिंतीवर खूण करून ठेवली होती. "याच्या वर येत नाही," म्हणायचे. ती खूण बुडाली तेव्हा बाबा नव्हते, ते एक बरं झालं.

गॅलरीला बोट लागली. कुठल्यातरी मंडळाची पोरं होती. सरकारी नव्हती, हौशीही नव्हती, आपली नेहमीची, गणपतीत ढोल वाजवणारी पोरं. खाली सात माणसं बसायची होती आणि जॅकेटं दोन. एक शेजारच्या छोट्या मुलीला घातलं. दुसरं त्या पोराच्या स्वतःच्या अंगात होतं. त्यानं ते काढलं आणि आईला घातलं. पट्टे आवळले. आई म्हणाली, "तुला नको का रे बाळा?" तो हसला. "आजी, मला पोहता येतं."

शाळेत आमची सोय केली होती. पायरीला बोट लागली, आम्ही उतरलो, पाठीमागून कुणीतरी हाका मारत होतं, आणि पोरं तशीच बोट वळवून पुढच्या फेरीला गेली. आईच्या अंगात जॅकेट तसंच. ती पायरीवर उभी राहून ओरडत होती, "अरे, हे घेऊन जा! घेऊन जा रे!" इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

त्याच दिवशी ब्रह्मनाळची बातमी आली. पलूस तालुक्यात, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. शाळेत सगळीकडं कुजबुज. कुणी म्हणे दहा, कुणी म्हणे पंधरा. आई खिडकीला बसली ती रात्री दोनपर्यंत. जॅकेट काढायला तयार नाही. मी सांगत होतो, अगं ब्रह्मनाळ कुठं, गावभाग कुठं, तो पोरगा तिकडं कशाला जाईल? तिला पटत होतं आणि पटत नव्हतं. तिचं एकच चाललं होतं, "नाव विचारायचं राहिलं."

पाणी उतरल्यावर चिखल काढला, गाद्या फेकल्या, आणि आईनं ते जॅकेट धुऊन उन्हात घातलं. द्यायचं होतं तिला. मी चार मंडळांत विचारलं. बोटी कुठून कुठून आलेल्या, कोण कुणाचा पत्ता सांगणार? तेव्हापासून ते दाराच्या मागं खिळ्याला आहे. 2021 ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा आईनं कागदपत्रांच्या आधी ते काढून ठेवलं.

हे ते जॅकेट. घरून आणलेलं. हसा आता.

आता मला माहीत आहे कॉमेंटला कोण येणार ते. "आम्ही कृष्णेत पोहून मोठी झालेली माणसं." मीही त्याच घाटावर शिकलोय लेको. पण कसं शिकलोय ते विसरलात काय? पाठीला पत्र्याचा डबा बांधून! कुणी भोपळा बांधून. बाबांनी डब्याला दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारल्याशिवाय पायरी उतरू दिली नाही. तेव्हा आपल्या बापाला घाबरट म्हणायची कुणाची टाप होती का? तो डबा म्हणजे दुसरं काय होतं? आज तोच डबा केशरी रंगाचा झाला, त्याला पट्टे आणि शिट्टी लागली, तर लाज वाटायला लागली.

आणि नदीत पोहणं वेगळं, समुद्रात उलटलेल्या बोटीखाली सापडणं वेगळं. मे 2022 मध्ये मालवणजवळच्या तारकर्लीलाच स्कुबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोघे गेले. डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीचं काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी जॅकेट काढून फोटो.

बरं, एक कबूल करतो. आईचं ते जॅकेट आता कामाचं नाही. पुराच्या चिखलात भिजलेलं, आतला फोम बसलाय, एक बक्कल तर तिनं नाडीनं बांधलंय. पाण्यात पडली असती तर त्यानं तिला तारलं असतं का, मला शंका आहे. बोटीवरची जॅकेटं त्याच्यापेक्षा नवी होती. आणि त्या बोटवाल्यांनी सुरुवातीला सगळ्यांना ती घातली होती, हेही खरं. मग काढायला कशाला लावता? घालायची अक्कल आहे म्हणजे कशासाठी घालायची हेही माहीत आहे.

लहान मुलांचं तर विचारूच नका. मोठ्या माणसाचं जॅकेट सहा वर्षांच्या पोराला घातलं की झालं यांचं. अरे, पोरगं पाण्यात पडलं की जॅकेट तरंगतं आणि पोरगं त्यातून खाली सटकतं. खांद्याला धरून वर ओढून बघायचं, जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्याच्या मापाचं नाही. एवढी साधी गोष्ट. माईकवर नाच शिकवता, हे अर्धा मिनिट सांगता येत नाही?

...

मधे चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.

स्नॉर्केलिंगबद्दल सांगायचं राहिलं. ते मात्र सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? मुलगी रुसवा विसरून जॅकेटसकट उतरली. एका खलाशानं तिला डोळ्यांवरच्या मास्कच्या काचेत थुंकायला लावलं, म्हणजे काच धुरकट होत नाही. नाक बंद, तोंडानं श्वास, नळीचं टोक पाण्याच्या वर. पहिल्यांदा घाबरून तिनं मान वर काढली, खारं पाणी गिळलं, खोकली. दुसऱ्यांदा तोंड पाण्यात घातलं ते वर काढायलाच तयार नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटांना येऊन चाटून जात होते. ती पाण्यातल्या पाण्यातच किंचाळत होती, नळीतून भोंग्यासारखा आवाज येत होता. मीही उतरलो. खाली खडकावर प्रवाळ, त्यात ऊन हलतंय. चार मिनिटं मला माझं नाव आठवत नव्हतं. आणि जॅकेट घातलं म्हणून एक मासा कमी दिसला नाही. पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं असतं, त्याला जॅकेटची मदतच होते.

(मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं टाकतात, ते काही बरोबर नाही. आणि एक पैलवान दमला म्हणून सरळ प्रवाळावर उभा राहिला. 1987 पासून मालवणचा समुद्र अभयारण्य आहे म्हणतात. सिंहगडाच्या बुरुजावर नाव कोरणाऱ्याला शिव्या देता ना, मग याला पण द्या.)

पोरं कष्टाळू होती, तेही सांगतो. पावसाळ्यात धंदा बंद, उरलेल्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं. गिऱ्हाईक नाच मागतं म्हणून ते नाच देतात. गिऱ्हाईक म्हणजे कोण? आपणच. पुण्या-कोल्हापूर-सांगलीहून गाड्या भरून जाणारे. मी त्या पोरांवर चिडलेलो नाही.

आत्ताच भाच्याचा फोन आला. रील काढून टाकलं म्हणाला. "मामा, मला ते जॅकेट पुरातलं आहे हे माहीतच नव्हतं." त्याला कुठून माहीत असणार, तो तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होता. रडवेला झाला होता. त्याला मी काही बोललो नाही. बोटवाल्यांच्या पानावर मात्र अजून आहे. असू दे.

फक्त एक गोष्ट. रीलखाली लोक लिहितात, "आजींचं तोंड बघा, किती घाबरल्यात." ती घाबरलेली नव्हती. मी शेजारी बसलो होतो.

माईकवाला येण्याच्या दोन मिनिटं आधी नांगर टाकायला एक खलाशी पोरगा आमच्या बाजूला आला. वीस-एकवीसचा असेल. बोटीच्या टोकावर, उघड्या अंगानं. आई त्याला म्हणाली, "तुझं जॅकेट कुठाय रे बाळा?" त्यानं मागं वळून न बघताच सांगितलं, "आजी, माका पोहूक येता."

आई त्यानंतर बोललीच नाही. रीलमध्ये तिचं जे तोंड दिसतं ते हे आहे.

परत येताना फोंडा घाटात अंधार पडला होता. सगळे झोपलेले. आईची पिशवी मांडीवर. मला वाटलं तीही झोपली. एका वळणावर एकदम म्हणाली,

"त्या पोराचं नाव विचारलंस का?"

मी नव्हतं विचारलं.