गिल्ट फंडाचा डिव्हिडंड म्हणजे पेन्शन नव्हे

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी नुकतीच निवृत्त झाली. ग्रॅच्युइटीचे पैसे बचत खात्यात पडून आहेत. मेसेज वाचून तिने मला विचारलं, "दहा लाख घालू का गं यात?" म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: एफडी मोडा आणि सरकारी रोख्यांच्या (सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांच्या) म्युच्युअल फंडात, म्हणजे गिल्ट फंडात पैसे टाका. सरकारची हमी आहे, एक रुपयाही बुडणार नाही. दरमहा डिव्हिडंड येईल, घरबसल्या पेन्शन, आणि मुद्दल जसंच्या तसं. डिव्हिडंडवर कर नाही. गेल्या वर्षी ११ टक्के मिळाले. हवे तेव्हा पैसे काढा.

सगळ्यात घातक आहे ते पेन्शनचं वाक्य. आकडे मांडून बघा. डिव्हिडंडच्या पर्यायात एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, २० रुपये असताना १० लाख टाकले, ५०,००० युनिट मिळाली. फंडाने युनिटमागे १० पैसे जाहीर केले आणि खात्यात ५,००० रुपये आले. त्याबरोबर एनएव्ही तेवढीच खाली येते, २० ची १९.९० होते. गुंतवणुकीची किंमत राहिली ९,९५,०००. बँकेने व्याज दिलं तरी १० लाखांची ठेव १० लाखच राहते, इथे तसं होत नाही. रोख्यांवरचं व्याज जमत गेलं, भाव वाढले, तर खड्डा भरून निघतो. नाही वाढले तर दरमहा आपण आपलंच मुद्दल मोडून खातो.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. त्या २० रुपयांच्या एनएव्हीत फंडाचा आधीचा साठलेला नफा असतो. तुम्ही आत येताना तो रोख पैसे मोजून विकत घेतलेला असतो. फंडाच्या हिशोबात ती वाटायला मोकळी शिल्लक असली, तरी तुमच्या हिशोबात ते तुमचं मुद्दलच आहे.

हे माझं मत आहे असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने, म्हणजे म्युच्युअल फंडांच्या सरकारी नियामकाने, परिपत्रक काढून १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचं नावच 'इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विड्रॉवल' (उत्पन्नाचं वाटप आणि भांडवल काढून घेणं) करायला लावलं. वाटलेल्या रकमेत उत्पन्न किती आणि भांडवल किती, हे एकत्रित खाते उताऱ्यात वेगवेगळं दाखवायचा आदेशही त्यातच आहे. तुमच्या भांडवलातलाच काही भाग तुम्हाला परत मिळतोय हे सांगा, असं नियामक फंडांना बजावतो, आणि मेसेज लिहिणारा 'मुद्दल जसंच्या तसं' म्हणून निवृत्त माणसांना पाठवतो! शिवाय रक्कम ठरलेली नसते. वाटायला शिल्लक नसेल तर एखाद्या महिन्यात काहीच येणार नाही. याला पेन्शन म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

'कर नाही' हे तर शिळं खोटं आहे. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांश वितरण कर फंड भरायचा, म्हणून हातात येणारी रक्कम करमुक्त असायची. पण तोही कर तुमच्याच पैशांतून जायचा. १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडची पूर्ण रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. वर्षाला १०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापला जातो. म्हणजे आपलं मुद्दल आपणच परत घ्यायचं आणि वर त्यावर कर भरायचा.

दरमहा पैसे हवेतच, तर ग्रोथ पर्याय, म्हणजे डिव्हिडंड न वाटता नफा फंडातच ठेवणारा, घेऊन त्यातून एसडब्ल्यूपी लावता येते, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेची युनिट आपोआप विकली जातात. समजा वर्षभरात एनएव्ही ७ टक्के वाढली आणि तुम्ही ५,००० काढले. त्यातले साधारण ३२७ रुपये नफा, तेवढ्यावरच कर. डिव्हिडंड घेतला असता तर पूर्ण ५,००० करपात्र. इंडेक्सेशनची, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरण्याच्या कर-सवलतीची, आशा मात्र धरू नका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटांवरचा नफा, कितीही वर्षं ठेवली तरी, स्लॅबप्रमाणेच करपात्र आहे.

आता हमी. अर्धं खरं आहे ते मान्य करते. केंद्र सरकार रुपयातल्या रोख्यांचं व्याज आणि मुद्दल बुडवेल ही भीती जवळजवळ नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने सहा डेट (कर्जरोख्यांच्या) योजना बंद केल्या, त्यांत गिल्ट फंड नव्हता. पण सरकारची हमी रोख्याला आहे, फंडाच्या युनिटला नाही. बाजारात व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात आणि एनएव्ही रोज त्या भावाने मोजली जाते. ७ टक्के व्याजाचा १० वर्षांचा रोखा घ्या. बाजाराचा दर ८ टक्के झाला की १०० रुपयांच्या रोख्याला साधारण ९३ रुपये २० पैसे मिळतात. ३० वर्षांचा असेल तर ८९ च्याही खाली. सरकारने एक पैसाही बुडवलेला नसताना हे होतं. आपल्या फंडाला किती झळ बसेल, ते त्याच्या दरमहाच्या फॅक्टशीटमध्ये (माहितीपत्रकात) 'मॉडिफाइड ड्युरेशन' म्हणून छापलेलं असतं. ते ७ असेल, तर दर एक टक्का चढल्यावर एनएव्ही सुमारे ७ टक्के पडते.

गेल्या वर्षीच्या ११ टक्क्यांचंही गणित हेच, फक्त उलट्या दिशेने. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आणला. दर उतरताना रोख्यांचे भाव चढतात, म्हणून व्याजाच्या वर भाववाढ मिळते. ती दरवर्षी मिळत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हाचे आकडे मेसेजमध्ये का नाहीत?

मावशीला मी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुचवली. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के, खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम, व्याज दर तिमाहीला, मर्यादा ३० लाख. साठी व्हायची असली तरी ५५ च्या पुढच्या निवृत्तांना पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. व्याज इथेही करपात्र आहे, पण मुद्दलाला धक्का लागत नाही.

राहिलं 'हवे तेव्हा काढा'. ते खरं आहे, कामकाजाच्या दोन-तीन दिवसांत पैसे येतात. मे २०१३ मध्ये १० वर्षांच्या रोख्याचा बाजारदर सव्वासात टक्क्यांच्या आसपास होता, ऑगस्टमध्ये तो ९ च्या वर गेला. मे मध्ये आत शिरलेल्याने ऑगस्टमध्ये पैसे मागितले असते, तर तेही विनातक्रार मिळाले असते, फक्त त्या दिवसाच्या पडलेल्या एनएव्हीने.